डबी वाजते, मॅडम: एआरटीच्या खिडकीवर नव्याने बसणाऱ्या फार्मासिस्टसाठी

गेल्या महिन्यात आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं जिथे मिळतात तिथे, एक नवा मुलगा रुजू झाला. बी.फार्म. झालेला, अक्षर सुरेख, कामात चपळ. पहिल्याच दिवशी त्याने चाळीसेक जणांना गोळ्या दिल्या. बॅच नंबर बरोबर, मुदतीची तारीख बरोबर, रजिस्टर आणि कपाट यांचा मेळ तंतोतंत. संध्याकाळी मी विचारलं, "आज कोणाकडे गोळ्या उरल्या होत्या?" म्हणाला, "सात जणांकडे, मॅडम. लिहिल्यात." मी विचारलं, "का उरल्या होत्या?" त्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

हे लिखाण त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. मी नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात या खिडकीमागे २००९पासून बसते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही फक्त डब्याच वाटल्या.

खिडकीपलीकडचा माणूस कुठून कसा आलाय ते आधी समजून घ्या. आमच्याकडे पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून येणारे पहाटेची एसटी धरून निघतात. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतात, चालत येतात, केसपेपर काढतात. मग वजन, समुपदेशक, डॉक्टर, कधी रक्त. आपली खिडकी सगळ्यात शेवटी. तोवर एक वाजलेला असतो, पोटात सकाळचा चहाच असतो आणि जीव परतीच्या गाडीत अडकलेला. तुमच्या हातात असतात तीन मिनिटं. ती "घ्या, सही करा, पुढचे" यात घालवायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

मोजताना

डबी मागून घ्या. "किती उरल्या?" असं तोंडी विचारू नका, कारण माणूस आपल्याला जे उत्तर आवडेल तेच देतो. गोळ्या ट्रेवर ओता आणि पाच-पाचच्या ढिगांनी मोजा. हिशेब सोपा आहे: मागच्या वेळी दिलेल्या आणि आधीच्या शिल्लक गोळ्यांतून आज उरलेल्या वजा करा, येणाऱ्या आकड्याला जितक्या घ्यायला हव्या होत्या त्याने भागा आणि शंभरने गुणा. ३० गोळ्या दिल्या, माणूस अठ्ठावीस दिवसांनी आला, तर दोन उरायला हव्यात. पाच उरल्या असतील तर अठ्ठावीसपैकी पंचवीसच पोटात गेल्या, म्हणजे ८९ टक्के. आपल्याला ९५च्या वर हवेत. रोज एकच गोळी असली की महिन्यात एक चुकली तर ९६.७ टक्के, दोन चुकल्या की ९३.३. म्हणजे महिन्याला एका चुकीचीच मुभा. हे टक्क्यांत सांगून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मी सांगते, "महिन्यात एक विसरली तर चालवून घेऊ, दुसरी नको."

हिशेबापेक्षा अवघड काय, तर उरलेल्या गोळ्या ट्रेवर असताना तुमचा चेहरा कसा असतो ते. यातलं मला जे कळलं ते एका बाईमुळे कळलं.

दिंडोरीकडची, तिशीतली. दर महिन्याला तिची डबी मोजली की आकडा नेमका. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. मी इतरांना तिचं उदाहरण द्यायचे. मग वर्षाची व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला तो हजाराच्या कितीतरी वर. मी तर लॅबचीच चूक असणार असं धरून चालले होते. समुपदेशक ताईंनी तिला बसवून घेतलं, मीही बसले. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "डबी वाजते, मॅडम."

घरात सासू, दीर, जाऊ. दोन खोल्या. सासूला आजाराचं माहीत नाही. डबी तांदळाच्या कोठीत पुरलेली. बाहेर काढली, झाकण फिरवलं की आतल्या गोळ्या खुळखुळतात आणि पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, "काय गं ते?" मग ज्या दिवशी घरात कोणी नसेल त्याच दिवशी गोळी. आणि उरलेल्या? त्या नाशिकला निघण्याच्या आदल्या रात्री मोजून मोरीत टाकायची. "का पण?" मी विचारलं. ती म्हणाली, "उरल्या की तुम्ही रागवता ना."

मी रागवायचे, हे खरंच होतं. रांगेतल्या चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात, "सरकार फुकट देतंय तर किंमत नाही" वगैरे. तिने मला माझ्याच पसंतीचा आकडा आणून दिला होता.

तिच्या डबीत मी वरून कापूस दाबून भरला आणि तिच्या कानाजवळ धरून हलवली. आवाज नाही. आतली सिलिका जेलची पुडी तशीच ठेवली. लेबल तिने माझ्यासमोरच सोललं, मी बॅच आणि मुदत तिच्या हिरव्या पुस्तकात, म्हणजे रुग्णाकडे असणाऱ्या उपचाराच्या वहीत, लिहून दिली. वेळही बदलून दिली: रात्री नऊऐवजी पहाटे, पाणी भरताना, जेव्हा ती एकटीच उठलेली असते. तीन महिने समुपदेशन झालं, तपासणी पुन्हा केली, विषाणू दबलेला. औषध तेच, मात्रा तीच.

तेव्हापासून माझा नियम असा. गोळ्या उरल्या दिसल्या की पहिलं वाक्य, "बरं झालं, उरलेल्या घेऊन आलात." दुसरं, "कोणत्या दिवशी अडचण होते?" विसरलात का, असं विचारलं की माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. दिवस विचारला की तो खरं सांगतो: बाजारचा दिवस, माहेरची पाहुणी, रात्रपाळी, दारू. आणि डबी दर वेळी अगदी नेमकी आली तरी आनंद मानू नका. रिपोर्ट बघा. तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्याला, बाराव्याला आणि मग वर्षातून एकदा होते. ती तारीख डॉक्टरांच्या इतकीच तुमच्याही डोळ्यांसमोर हवी.

कापसाची युक्ती सगळ्यांना सांगा, पण गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा साडीच्या गाठीत बांधून ठेवू देऊ नका. इगतपुरी, पेठच्या पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, तिथे उघड्या गोळीचं काय होणार? आपलीच डबी, घट्ट झाकण, चुलीपासून आणि पोरांपासून लांब.

गोळी विसरली तर काय, हे दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सांगावं लागतं. आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची. दुसऱ्या दिवसाच्या गोळीची वेळ तीन-चार तासांवर आली असेल तर चुकलेली सोडायची. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही.

पिशवीत आणखी काय आहे?

आज बहुतेकांना टीएलडी असते: टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम, एकाच गोळीत, दिवसातून एकदा. मी आले तेव्हा स्टॅव्ह्युडिन आणि नेविरापिनचे दिवस होते. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, पहिले चौदा दिवस नेविरापिनची अर्धी मात्रा, अंगावर पुरळ उठलं की धावपळ. स्टॅव्ह्युडिनने गाल बसायचे, इतके की गावात लोक चेहऱ्यावरूनच ओळखायचे. मग एफाविरेन्झ आली. ती रात्रीच घ्यायची, कारण चक्कर येते आणि चित्रविचित्र स्वप्नं पडतात. एक ट्रकवाला मला रोजचं स्वप्न येऊन सांगायचा. या सगळ्यांपुढे टीएलडी फार शहाणी गोळी आहे, पण तिचीही दोन-तीन भांडणं आहेत. ती कोणाशी, हे पकडायचं काम खिडकीचं. डॉक्टरांना रुग्ण सांगतो, "दुसरं काही घेत नाही." आपल्याला तो पिशवी दाखवतो. म्हणून विचारायचं, "दुसरं औषध चालू आहे का?" असं नव्हे, तर "पिशवीत काय काय आहे, दाखवा बरं."

पहिलं भांडण पित्ताच्या औषधाशी. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं गुलाबी, पांढरं अँटासिड डोल्युटेग्रॅविरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. आमच्याकडे मिसळीचं गाव, पित्ताची बाटली घरोघरी. नियम असा: गोळी आधी, अँटासिड दोन तासांनी, किंवा अँटासिड आधी घेतलं असेल तर सहा तासांनंतर गोळी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलची अडचण नाही. लोह आणि कॅल्शियम यांनाही हाच दोन आणि सहा तासांचा नियम, फक्त एक सवलत आहे: जेवणाबरोबर घेतल्या तर एकत्र चालतात. हे गरोदर बाईला नीट समजावा. तिला आशाताईने लोहाच्या लाल गोळ्या दिलेल्या असतात, कॅल्शियमही असतं, आणि ती सगळ्या गोळ्या उपाशीपोटी एका घोटात संपवते.

दुसरं, मधुमेहाची मेटफॉर्मिन. डोल्युटेग्रॅविर तिचं रक्तातलं प्रमाण वाढवते, म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. चिठ्ठीवर हजारची गोळी दोनदा दिसली तर डबी हातात देण्याआधी रुग्णाला डॉक्टरांकडे परत पाठवा. तिसरं, फिटच्या गोळ्या. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन आपल्या औषधाची ताकद खाऊन टाकतात. इथेही तेच, परत डॉक्टरांकडे. गोळी बदलणं आपलं काम नाही, थांबवून विचारणं आपलं आहे. नवे लोक डॉक्टरांना फोन लावायला लाजतात. लाजू नका.

द्राक्षाच्या छाटणीवर, कांद्याच्या गोण्यांवर काम करणाऱ्यांना कंबरदुखीची गोळी मेडिकलमधून रोज घ्यायची सवय असते. टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यात रोजचं डायक्लोफेनॅक म्हणजे दुहेरी भार. हे पिशवीत सापडत नाही, खिशात सापडतं. खिसाही विचारा. क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बघायच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या: डोल्युटेग्रॅविर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वर सरकतं, ते मूत्रपिंड बिघडल्यामुळे नव्हे, तर ते लघवीवाटे बाहेर टाकण्याची एक वाट अडल्यामुळे. वाढ किती आणि कशाने हे डॉक्टर बघतील, पण रुग्ण रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा खिडकीवर आला तर त्याच्याशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत.

आणि ज्याला कावीळ ब (हेपॅटायटिस बी) आहे, त्याच्या कार्डावर मी लाल पेनाने खूण करते. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. त्याने मनाने गोळ्या सोडल्या तर यकृताची कावीळ उसळून येऊ शकते.

क्षयाची गोष्ट वेगळी बसून सांगण्यासारखी आहे, पण खिडकीपुरतं इतकं. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असलेल्याला टीएलडी तर लागतेच, वर डोल्युटेग्रॅविर ५०ची एक वेगळी गोळी बारा तासांनी लागते. दोन डब्या दिल्या की निम्मे लोक दोन्ही गोळ्या एकदमच घेतात, कारण घरी "दोन गोळ्या" एवढंच लक्षात राहतं. मी एका झाकणावर सूर्य काढते आणि दुसऱ्यावर चंद्र. वाचता न येणाऱ्यांसाठी म्हणून सुरू केलं होतं, आता शिक्षकसुद्धा मागून घेतात. आणि क्षयाचा कोर्स संपला म्हणून चंद्राची डबी त्याच दिवशी बंद करायची नाही, आणखी दोन आठवडे चालू ठेवायची.

लहान मुलं

पोराचं वजन दर वेळी. मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही, आणि सहा महिन्यांत पोरगं एका गटातून दुसऱ्यात जातं. केसपेपरवर मागचंच वजन उतरवलेलं दिसलं तर परत काट्यावर उभं करा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर एक विरघळवून दाखवा: वाटीत थोडं स्वच्छ पाणी, गोळी, चमच्याने ढवळायचं, लगेच पाजायचं, मग वाटीत परत थोडं पाणी घालून खळबळून तेही पाजायचं. अनेक मुलं आजीकडे वाढतात. आजीला दिसत कमी असतं, तिला हाताने करून बघू द्या.

नवजात बाळाच्या नेविरापिन सिरपला मी सगळ्यात जास्त वेळ देते. अडीच किलोच्या वरच्या बाळाला रोज दीड मिली, दोन ते अडीच किलोच्या आतल्याला एक मिली. कमीत कमी सहा आठवडे, पुढचं डॉक्टर ठरवतात. दीड मिली म्हणजे किती, हे बाळंतिणीला तोंडी कळत नाही. सिरिंजवर मार्करने रेघ ओढा, तिच्याकडून रेघेपर्यंत पाणी भरून घ्या, हवेचा बुडबुडा कसा काढायचा ते दाखवा. एकदा मी रेघ साध्या बॉलपेनने ओढली होती. दुसऱ्या धुण्यात ती पुसली गेली. आजी अंदाजाने भरत राहिली, नशिबाने फार कमीही भरलं नाही आणि फार जास्तही नाही. तेव्हापासून न पुसणारा मार्कर माझ्या ड्रॉवरमध्ये कायम.

तारीख देताना

संगणक अठ्ठावीस दिवसांनंतरची तारीख देतो. संगणकाला द्राक्षं माहीत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणी संपेपर्यंत पेठ-सुरगाण्याची माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत मुक्कामाला असतात. मुकादम सुट्टी देत नाही, दिली तर मजुरी कापतो. म्हणून तारीख देण्याआधी विचारा, "पुढच्या महिन्यात कुठे असाल?" ज्यांची तब्येत आणि रिपोर्ट स्थिर आहेत त्यांना डॉक्टरांच्या संमतीने तीन महिन्यांपर्यंत गोळ्या देता येतात. जवळच्या लिंक एआरटी केंद्राला, म्हणजे आपल्याशी जोडलेल्या छोट्या केंद्राला, जोडून देता येतं. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ड्रायव्हरला सांगून ठेवा, की हिरवं पुस्तक गाडीतच ठेव, अडलास तर वाटेतल्या कोणत्याही एआरटी केंद्रावर ते दाखव.

२०१५च्या सिंहस्थात आम्ही चुकलो. शाही स्नानाच्या दिवसांत वाहनं शहराबाहेर अडवलेली, आणि आमच्या तारखा नेमक्या त्याच आठवड्यांत. लोक मैलोन् मैल चालत आले, काही अर्ध्यातून परतले. २०२७च्या पर्वण्यांच्या तारखा तुमच्या कॅलेंडरवर आत्ताच लाल करा आणि त्या आठवड्यातल्या सगळ्यांना आधीच्या महिन्यात जादा गोळ्या मिळतील असा साठा मागवून ठेवा. सप्तशृंगीची चैत्र यात्रा, पोळा, दिवाळी, हेही बघा.

न आलेल्यांची यादी त्याच संध्याकाळी काढा. फोन लागला आणि दुसऱ्याच कोणी उचलला तर काय बोलायचं, ते रुग्णाकडून पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायचं. कोणी सांगतं, "बचत गटाच्या ताई बोलतेय म्हणा." ते कार्डावर पेन्सिलने लिहायचं.

गुपित

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ला. गुप्तता आता उपकार नाही, कायद्याने बांधलेलं काम आहे. रांगेत नावाने हाक नाही, नंबराने. डबी कागदी पिशवीत. रांगेत ओळखीचं कोणी दिसलं तर चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. आणि बाहेर, रविवार कारंजावर म्हणा किंवा भाजीबाजारात, आपण कोणाला ओळखत नाही. त्यांनी ओळख दिली तरच द्यायची आणि ते जी देतील तीच. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारीच आमचे एक काका येऊन बसले. त्यांच्या सूनबाईने विचारलं, या कोण? काका शांतपणे म्हणाले, "पोस्टातल्या मॅडम." मी श्रीखंड खाता खाता आवर्ती ठेवीच्या व्याजावर पाच मिनिटं बोलले. अजूनही त्या घरात मी पोस्टातलीच आहे.

साठ्याबद्दल तुम्हाला कॉलेजात शिकवलंय, मी लांबण लावत नाही. आधी संपणारी मुदत आधी बाहेर, खोलीचं तापमान तीसच्या आत, कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवून नको, कारण एप्रिल-मेमध्ये ती भिंत तव्यासारखी तापते. पोर्टलवरचा आकडा आणि कपाटातला आकडा रोज जुळवा, आठवड्याने नाही. एखाद्या औषधाचा साठा कमी पडतोय असं वाटलं तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि प्रत ठेवा. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

कर्मचाऱ्याला सुई टोचली, तर तो घाबरून आधी तुमच्याकडेच धावत येईल. त्याला जखम साबण-पाण्याने धुवायला सांगा, पिळू देऊ नका, आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. संसर्ग टाळण्यासाठीची पहिली गोळी दोन तासांत गेली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. त्या गोळ्या कुठे आहेत आणि रात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आजच विचारून घ्या.

खिडकी बंद करायची वेळ आमची चारची. पण बंद करण्याआधी एकदा बाहेर व्हरांड्यात जाऊन बघून या. लाजून मागे बसून राहिलेलं, नंबर न घेतलेलं कोणीतरी खांबाआड असतं, आणि सुरगाण्याची शेवटची गाडी त्याला अजून गाठायची असते.